एकाच घरातली दोन बालपणे

एखादा माणूस असा का वागतो हे सांगताना आपण बहुतेक वेळा दोनच वाक्यांपैकी एक वापरतो. ‘त्याचा पिंडच तसा आहे’ हे एक, आणि ‘लहानपणी त्याच्या घरात काय काय झाले ते बघा ना’ हे दुसरे. पहिले वाक्य बहुधा आपल्याला न पटणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेले असते, तर दुसरे स्वतःसाठी किंवा ज्याच्यावर आपला जीव आहे त्याच्यासाठी. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. पण एक खरे असेल तर दुसरे खोटे असलेच पाहिजे, अशा थाटात आपण ती उच्चारतो आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. या विषयावर जे जे वाचनात आले आणि घरात जे डोळ्यांनी पाहिले, त्यावरून माझे मत असे झाले आहे की मूल जो स्वभाव घेऊन जन्माला येते, तो स्वभावच त्याच्या वाट्याला कसले बालपण यावे हे बऱ्याच अंशी ठरवतो, आणि ते बालपण पुन्हा त्याच स्वभावाला वळण लावत राहते.

गेल्या शतकाच्या पूर्वार्धात हे म्हणणे फारसे कुणी ऐकून घेतले नसते. मला डझनभर निरोगी बाळे आणि त्यांना वाढवण्यासाठी मला हवे तसे जग द्या, मी त्यांतल्या कुणालाही डॉक्टर, वकील किंवा चोरही बनवून दाखवतो, अशा आशयाचा दावा जॉन वॉटसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने त्या काळात केला होता आणि तो गाजलाही होता. त्या दाव्याची दुसरी बाजू अशी की मुलाचे काही बिघडले की खापर आईच्या माथी फुटत असे. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य याच वातावरणात काम करत होते, आणि जे रोज समोर दिसत होते ते त्यांना या चौकटीत बसवता येईना; चांगल्या, समजूतदार घरांतली मुले हैराण करणारी निघत होती, तर विस्कटलेल्या घरांतली काही मुले शांतपणे वाढत होती. म्हणून १९५६ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांचा तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षे चालणारा अभ्यास सुरू केला. बाळाच्या झोपेच्या व भुकेच्या वेळा किती नियमित आहेत, नवी वस्तू किंवा नवा माणूस दिसला की ते पुढे झेपावते की मागे सरते, बदल अंगवळणी पडायला त्याला किती वेळ लागतो, त्याचे हसणे-रडणे किती जोराचे असते, अशा नऊ अंगांनी त्यांनी नोंदी घेतल्या. सुमारे ४० टक्के मुले सहज वाढणारी, १० टक्के कठीण आणि १५ टक्के सावकाश रुळणारी निघाली. उरलेली ३५ टक्के मुले कुठल्याच गटात नीट बसेनात. ही शेवटची संख्या लोक विसरतात, पण मला ती महत्त्वाची वाटते, कारण माणसांचे प्रकार पाडण्याची हौस शास्त्रालाही असते आणि तिसऱ्या हिश्श्याहून अधिक मुलांनी तिला दाद दिली नव्हती.

थॉमस आणि चेस यांचे खरे मोठेपण मात्र या वर्गवारीत नाही. कठीण म्हटलेली मुले पुढे अडचणीत येतीलच असे त्यांना आढळले नाही, आणि सहज म्हटलेली मुले सुखरूप राहतीलच असेही नाही. मुलाचा स्वभाव आणि त्याच्या भोवतीच्या माणसांच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. सावकाश रुळणारे मूल थांबायची तयारी असलेल्या आईवडिलांच्या घरी ‘विचारी’ ठरते आणि तेच मूल घाईच्या घरात ‘बुळे’ ठरते. मूल तेच असते. पण रोज दहा वेळा स्वतःबद्दल काय ऐकावे लागते हे दोन्हीकडे वेगळे असते, आणि दहाव्या वर्षापर्यंत त्या ऐकण्याचे काय होते हे कुणाला वेगळे सांगायची गरज नसावी.

हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जेरोम केगन यांनी हीच गोष्ट आणखी जवळून पाहिली. चार महिन्यांच्या बाळाला कललेल्या आसनात बसवायचे, त्याच्या डोळ्यांसमोर रंगीत टांगती खेळणी हलवायची, अनोळखी आवाजातली ध्वनिमुद्रित वाक्ये ऐकवायची, सौम्य मद्यार्कात भिजवलेला कापूस नाकापाशी धरायचा. यांत भीतीदायक असे काहीच नाही. आहे ते केवळ नावीन्य. काही बाळे हे सगळे शांतपणे न्याहाळत पडून राहतात, मधूनच हसतात. काहींचे हातपाय मात्र जोरजोरात हलू लागतात, पाठ ताणली जाते, आणि खेळणे आणखी एकदा हलवले की त्यांना रडू फुटते. अशी तीव्र प्रतिसाद देणारी बाळे सुमारे २० टक्के निघाली आणि शांत राहणारी सुमारे ४० टक्के. पहिल्या गटातली पुष्कळशी मुले दुसऱ्या वर्षी नव्या माणसासमोर, नव्या खोलीत, अनोळखी यंत्रासमोर बुजणारी ठरली. चार महिन्यांच्या बाळाला कोणते बालपण मिळालेले असते? त्याला अजून कुणी रागावलेले नसते, त्याची कुणाशी तुलना झालेली नसते. तरीही एकाला जे केवळ नवे वाटते तेच दुसऱ्याला असह्य होते.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. पण ते दिसतात तरी किती? केगन यांनी या मुलांचा माग किशोरवयापर्यंत काढला. तीव्र प्रतिसाद देणाऱ्या बाळांपैकी थोडीच मुले पुढे कायमची अतिबुजरी राहिली. बहुतेक जण साधारण मुलांसारखे बोलू-वागू लागले. मात्र त्यांच्यातून बिनधास्त, कशाचीच पर्वा न करणारा किशोर घडल्याचे क्वचितच दिसले. केगन यांचे म्हणणे असे होते की जन्मजात स्वभावावरून माणूस पुढे काय होणार नाही याचा अंदाज जितका नीट बांधता येतो, तितका काय होणार याचा बांधता येत नाही. याच मुलांच्या घरी जाऊन केलेल्या निरीक्षणांतून आणखी एक गोष्ट पुढे आली आणि ती अनेक पालकांना रुचणार नाही. ज्या आया अशा संवेदनशील बाळाला प्रत्येक त्रासापासून वाचवायला धावत, त्यांची मुले दुसऱ्या वर्षी अधिक भित्री निघाली. ज्या प्रेमळपणे पण ठामपणे मर्यादा घालत आणि बाळाला थोडे झगडू देत, त्यांची मुले कमी भित्री निघाली. शांत प्रकृतीच्या बाळांच्या बाबतीत आईच्या या वागण्याने तेवढा फरक पडत नव्हता. म्हणजे मुलांना कसे वाढवावे या प्रश्नाचे उत्तर, कोणत्या मुलाला, हे विचारल्याशिवाय देता येत नाही.

जुळ्यांच्या अभ्यासांनी या वादात आकडे आणले. मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून जन्मतः ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांना शोधून तपासायला सुरुवात केली, आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे दिसले की वेगळी वाढलेली एकसारखी जुळी स्वभावाने जवळजवळ तितकीच सारखी असतात जितकी एकत्र वाढलेली. पुढे २०१५ साली पन्नास वर्षांतल्या २,७४८ शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात तपासलेल्या सगळ्या मानवी गुणधर्मांची सरासरी घेतली तर माणसामाणसांतल्या फरकांपैकी ४९ टक्के फरक अनुवंशाशी निगडित असल्याचे आढळले. हा आकडा फार चुकीच्या रीतीने वापरला जातो. माझा भित्रेपणा निम्मा जनुकांतून आला आणि निम्मा घरातून, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. तो एका समूहातल्या फरकांबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल नाही. डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाच्या नावे याचे एक समर्पक उत्तर सांगितले जाते: आयताचे क्षेत्रफळ त्याच्या लांबीमुळे अधिक होते की रुंदीमुळे, असे विचारण्यासारखाच हा प्रश्न आहे.

याच अभ्यासांतून निघालेले दुसरे निरीक्षण मला पहिल्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारे वाटते. भावंडे एका घरात, एकाच आईवडिलांच्या हाताखाली, एकाच ऐपतीत वाढतात. मग त्या सामाईक घरामुळे त्यांचे स्वभाव एकमेकांसारखे व्हायला हवेत. तसे फारसे होत नाही. रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ साली एका कुटुंबातली मुले एकमेकांपासून इतकी वेगळी का असतात, हाच प्रश्न उभा केला आणि स्वभावावर परिणाम करणारे वातावरण बहुतांशी प्रत्येक मुलाचे स्वतंत्र असते, हे दाखवून दिले.

मला हे पटायला आकड्यांची फारशी गरज पडली नाही. माझा दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. बाबा संध्याकाळी आम्हा दोघांच्या गणिताच्या वह्या तपासत आणि उत्तर चुकलेले दिसले की त्याखाली पेन्सिलीने इतकी जोरात रेघ ओढत की ती मागच्या पानावर उमटे. त्यांचा आवाजही चढे. दादा त्यांच्याशी वाद घाली, रीत बरोबर आहे फक्त बेरीज चुकली असे ठणकावून सांगे, आणि वही मिटताच त्याच्या डोक्यातून ते सारे गेलेले असे. मी मात्र त्या पेन्सिलीकडे पाहत बसे. ती कागदावर टेकण्याआधी थबकली की माझे हात गार पडत. बाबांच्या हे लक्षात आले असावे, कारण पुढे माझी वही तपासताना ते रेघ ओढायच्या ऐवजी बाजूला बारीकसा ठिपका देऊ लागले आणि मग हळूहळू माझी वही मागणेच त्यांनी सोडून दिले. दादाशी त्यांचे वाद वाढत गेले आणि त्या वादांतून दोघांची एक मैत्रीही झाली. माझ्या वाट्याला जपून वागणारे, थोडे दूरचे बाबा आले. त्याच्या वाट्याला भांडणारे, जवळचे. आता तो त्या संध्याकाळींबद्दल बोलतो तेव्हा बाबा दमून घरी आल्यावरही आपल्यासाठी वेळ काढत याचे त्याला कौतुक असते. मला आधी आठवते ती पेन्सिल. आमच्यापैकी कुणीही खोटे बोलत नाही. बाबा आमच्याशी वेगळे वागले याचे कारणही बऱ्याच अंशी आम्हीच होतो, जरी त्या वयात ते आमच्या हातात नव्हते.

मूल आपल्या स्वभावाने मोठ्यांकडून काय काढून घेते, हा धागा एकदा लक्षात आला की मग तो सगळीकडे दिसू लागतो. हसऱ्या बाळाला लोक अधिक उचलून घेतात. किरकिऱ्या बाळाची दमलेली आई त्याच्याशी कमी बोलू लागते. थोडे मोठे झाल्यावर मूल स्वतःच आपल्या स्वभावाला साजेशी जागा निवडते, कुणी मैदानाचा मधला भाग तर कुणी वर्गातला शेवटचा बाक, आणि त्या जागेवर जे अनुभव येतात ते पुन्हा त्याच दिशेला ढकलतात. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचे तिसऱ्या वर्षी दीड तास निरीक्षण केले गेले होते. त्या वेळी अनावर, चिडखोर वाटलेल्या मुलांनी २६व्या वर्षी स्वतःचे वर्णन करताना आपण चटकन बिथरतो आणि लोक आपल्याला वाईट वागवतात असे सांगितले. हे सगळे जन्मजातच होते, असे म्हणणे मला घाईचे वाटते. तेवीस वर्षे लोकांनी त्यांना खरोखरच कमी प्रेमाने वागवले असेल, हेही तितकेच शक्य आहे.

स्वभावाचे हे महत्त्व मान्य करतानाच मला एक गोष्ट अगदी ठामपणे लिहिली पाहिजे, कारण ‘शेवटी सगळे जन्मजातच’ असे म्हणून मोठी माणसे आपली सुटका करून घेतात. काही अनुभव असे असतात की त्यांच्यापुढे बाळाचा कुठलाही स्वभाव फारसा टिकाव धरू शकत नाही. १९८९ च्या डिसेंबरमध्ये रोमानियातली हुकूमशहा चाउशेस्कूंची राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांतली हजारो मुले जगासमोर आली. त्या मुलांना खाटा होत्या, पण त्यांचे रडणे ऐकून येणारे असे ठरलेले माणूस नव्हते. अशा पार्श्वभूमीच्या १६५ दत्तक मुलांचा मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये दीर्घकाळ अभ्यास केला. सहा महिन्यांच्या आत तिथून सुटका झालेली मुले पुढे ब्रिटनमधल्या इतर दत्तक मुलांसारखीच वाढली. त्याहून अधिक काळ तिथे काढलेल्यांपैकी अनेकांच्या अडचणी, प्रेमळ घर मिळूनही, तारुण्यापर्यंत सुटल्या नाहीत. त्यांच्यातही सुमारे पाचवा हिस्सा मुले कुठल्याच तपासणीत अडचणीत दिसली नाहीत. पण त्या पाचव्या हिश्श्याकडे बोट दाखवून उरलेल्या चार हिश्श्यांना ‘तुम्हीच कमी पडलात’ असे सुचवणे हे मी क्रौर्य समजते. बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या एका अभ्यासात अनाथालयांतल्या १३६ मुलांपैकी निम्म्या मुलांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडून पालक कुटुंबांत ठेवण्यात आले, आणि जी मुले दोन वर्षांची होण्याआधी कुटुंबात गेली त्यांना जिव्हाळ्याचे नाते जोडणे अधिक साधले. कुठले मूल कुठे जाणार हे तिथे त्याच्या स्वभावाने ठरवले नव्हते. म्हणून तो फरक घराचाच होता असे निःशंकपणे म्हणता येते.

या दोन टोकांच्या मधली सर्वांत उद्बोधक हकीकत हवाई बेटांतल्या काउआई बेटावरची आहे. तिथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी चाळीस वर्षांपर्यंत माग घेतला. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांचे बालपण सर्वार्थाने खडतर होते: दारिद्र्य, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातली भांडणे, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार. त्यांच्यातलाही साधारण एक तृतीयांश भाग, ७२ मुले, समर्थ, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी घेणारी माणसे म्हणून वाढली. त्यांच्या तान्हेपणीच्या नोंदी काढून पाहिल्या तेव्हा आयांनी त्यांना उत्साही, लाघवी, सांभाळायला सोपे असे म्हटलेले आढळले. आणि त्या प्रत्येकाच्या आयुष्यात, आईवडील नसले तरी, कुणीतरी एक मोठे माणूस होते: आजी, मावशी, शिक्षक, शेजारी. या दोन नोंदी मी वेगळ्या वाचत नाही. लाघवी बाळाकडे आजीचे हात आपोआप वळतात. मग प्रश्न उरतो तो ज्याला लाघवीपणा जमत नाही त्या मुलाचा, जे तोंड फिरवते, कुशीत येत नाही, आणि म्हणून ज्याला सर्वाधिक गरज असते त्याच्याकडेच कुणी वळत नाही. मला या साऱ्या विषयातली सर्वांत दुखरी जागा हीच वाटते.

तिथेही काही करता येते हे नेदरलँड्समधल्या दिम्फना व्हॅन डेन बूम यांनी दाखवून दिले. गरीब घरांतली, जन्मतःच चिडचिडी अशी १०० बाळे त्यांनी निवडली आणि निम्म्या आयांना बाळ सहा ते नऊ महिन्यांचे असताना घरी जाऊन मदत केली. बाळाचे इशारे कसे ओळखायचे, ते रडत नसतानाही त्याच्याशी कसे खेळायचे, तोंड फिरवले तर थोडे थांबून पुन्हा कसे बोलवायचे, एवढेच त्या मदतीचे स्वरूप होते. वर्षाची झाल्यावर त्या आयांची बाळे, मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत, आईच्या आधाराबद्दल कितीतरी अधिक निश्चिंत असल्याचे दिसले. बाळांचा पिंड बदलला नव्हता. त्या पिंडाकडे पाहणारी नजर बदलली होती. अशी चटकन विस्कटणारी मुले वाईट वातावरणात इतरांपेक्षा अधिक खचतात आणि चांगल्या वातावरणात इतरांपेक्षा अधिक फुलतात, असे जे काही संशोधक मांडतात त्याला या कामाने बळ मिळते. मात्र हीच गोष्ट एखाद्या जनुकाचे नाव घेऊन सांगितली जाते तेव्हा सावध राहिलेले बरे. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाशी संबंधित एका जनुकाबद्दल २००३ साली असा मोठा दावा झाला होता आणि पुढच्या कितीतरी मोठ्या पाहण्यांत तो टिकला नाही.

आजकाल बालपणातल्या प्रतिकूल अनुभवांची बेरीज करून स्वतःला एक आकडा देण्याची पद्धत रूढ होत आहे. तिचे मूळ फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांच्या १९९८ च्या अभ्यासात आहे, ज्यात अमेरिकेतल्या हजारो प्रौढांना विचारून असे अनुभव जितके अधिक तितका पुढे आजारांचा धोका अधिक, हे दाखवले गेले. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते काम मोलाचे आहे. पण एका माणसाचे भवितव्य त्या आकड्यावरून वाचता येत नाही, कारण तो आकडा घटना मोजतो. ती घटना कुणावर गुजरली हे तो विचारत नाही. शिवाय आठवणीचाही प्रश्न आहे. बालपणीच त्या वेळी केलेल्या नोंदी आणि मोठेपणी सांगितलेल्या आठवणी यांची तुलना करणाऱ्या १६ अभ्यासांचा आढावा २०१९ साली घेतला गेला, तेव्हा ज्यांच्या छळाची त्या काळी नोंद झाली होती त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांनी मोठेपणी तो सांगितला नव्हता, आणि ज्यांनी मोठेपणी सांगितला त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांची त्या काळी नोंद नव्हती. म्हणून लोकांच्या आठवणींवर अविश्वास दाखवावा असे मी म्हणत नाही; नोंदी करणाऱ्यांच्या नजरेतूनही पुष्कळ काही निसटते. पण लक्षात काय राहते हेही स्वभावच निवडत असावा, ही शंका मला माझ्या आणि दादाच्या आठवणींनी आधीच दिलेली आहे.

काउआई बेटावरच्या नोंदींत आणखी एक भाग आहे, जो बहुधा कमी सांगितला जातो. खडतर बालपणातून आलेली जी मुले अठराव्या वर्षी अडचणीत होती, शिक्षण सुटलेली, पोलिसांच्या नोंदीत गेलेली, कोवळ्या वयात आई झालेली, त्यांच्यापैकी बहुसंख्य जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरलेले होते. मधल्या काळात कुणी अर्धवट राहिलेले शिक्षण पुन्हा सुरू केले होते, कुणी सैन्यात गेले होते, कुणाचे स्थिर स्वभावाच्या जोडीदाराशी लग्न झाले होते, कुणाला एखाद्या धार्मिक समूहात आपली माणसे सापडली होती. या साऱ्या गोष्टी त्यांना बालपण संपल्यावर मिळालेल्या होत्या, आणि अठराव्या वर्षी त्यांच्याविषयी जे भाकीत कुणीही सहज केले असते, ते त्यांच्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत चुकले.